विसातली सातवी

पनवेलच्या बाजारात करवंदं आली की मी टोपल्यांकडे न बघता पुढे जाते. माथेरानच्या उतारावरच्या वाड्यांमधून ठाकूर बायका सकाळीच खाली येतात, रस्त्याच्या कडेला टोपल्या मांडून बसतात आणि पळसाच्या पानाच्या द्रोणात मुठीनं करवंदं घालून देतात. माणसं थांबतात, हसतात, शाळेच्या सुट्ट्या आठवतात. काल मीही थांबले. एक द्रोण घेतला, तसाच लॅबमध्ये नेला आणि रिसेप्शनवरच्या मुलीच्या हातात दिला.

"मॅडम, तुम्हाला नकोत?"

"मला आंबट लागतात गं," मी म्हटलं.

ज्या वैशाखाबद्दल मी हे लिहिते आहे, त्या वैशाखात माझा भाऊ सुहास फक्त करवंदं मागायचा. खायचा नाही, कारण पोटात काही ठरत नव्हतं. एक करवंद गालात धरून ठेवायचा आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत पडून राहायचा. मग आई त्याच्या तोंडासमोर वाटी धरायची. वाटीत पडलेलं करवंद अख्खंच्या अख्खं असायचं.

इथला वैशाख कोरडा नसतो. खाडीची ओल हवेत तरंगत असते. ऊन भाजतं, पण घाम काही वाळत नाही. संध्याकाळी वारा फिरला की तळोज्याच्या बाजूचा रसायनांचा वास येतो आणि लोक सवयीनं खिडक्या लावून घेतात. करंजाड्याच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही ती खिडकी लावायचो नाही. सुहास म्हणायचा, "असू दे. हा वास ओळखीचा आहे. नायट्रिकसारखा येतो." मला तेव्हा त्याचा अर्थही नीट कळायचा नाही.

मी गेली बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिसायला सारख्या गोष्टी वेगळ्या ओळखायच्या, एवढंच माझं काम. ही पेशी साधी, ही साधी नाही. हा मलेरियाचा जंतू, हा नुसता रंगाचा डाग. नजर पक्की म्हणून माझं नाव आहे. पण ज्या घरात माझा भाऊ चित्रं छापत होता, त्याच घरात इतकी वर्षं राहून मला छापलेल्या दोन कागदांतला फरक सांगता येत नव्हता. चित्र म्हणजे चित्र. भिंतीवर लावलं की झालं.

सुहास माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मुंबईच्या आर्ट कॉलेजात तो छापचित्रं करायला शिकला. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईनं चित्र कोरायचं आणि पत्रा नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा. जिथं सुई फिरली तिथं अ‍ॅसिड पत्रा खातं. मग त्या खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची, ओलसर जाड कागद ठेवायचा आणि प्रेसच्या रुळाखालून काढायचा. याला एचिंग म्हणतात. तेव्हा आम्ही जुन्या पनवेलमध्ये भाड्यानं राहत होतो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो हे सगळं करायचा. प्रेस त्याच्याकडे नव्हता, तो मुंबईतल्या एका मित्राकडे होता. पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून तो घेऊन जायचा आणि चार-सहा प्रिंट्स काढून आणायचा. त्याची चित्रं मिठागरांची, चिखलात रुतलेल्या होड्यांची, गाढी नदीच्या सुकलेल्या पात्राची. वडील म्हणायचे, "अरे, रंग तरी घाल थोडा." तो हसायचा.

पोटासाठी तो लग्नपत्रिका छापायचा, पुढे एका शाळेत चित्रकलेचा शिक्षक झाला. पहिली नोकरी कोल्हापूरच्या बाजूला लागली. तो तिकडे असतानाच वडील गेले आणि आईनं नि मी जुनी जागा सोडून करंजाड्याला फ्लॅट घेतला. सामान हलवायच्या गडबडीत शेड मी एकटीनं आवरली. तिथं एक पत्र्याची ट्रंक होती. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळपट पत्रे. काहींवर हिरवट पूड साचलेली. त्यांच्याखाली बुरशी लागून एकमेकांना चिकटलेले कागद. दारात भंगारवाला उभा होता, टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी ट्रंकेसकट सगळं देऊन टाकलं.

हे मी केलं. आईनं नाही, घाईनं नाही. मी.

सुट्टीत सुहास आला तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, माझ्या प्लेट्स?"

"माळ्यावर," मी म्हटलं.

तेव्हा मला कळलं होतं की काय गेलं ते. सांगायची हिंमत झाली नाही. मग तो पनवेलला परत आला, शाळेत अडकला, मित्राचा प्रेसही बंद पडला. वर्ष-दोन वर्षांत एकदा म्हणायचा, "जागा झाली की प्लेट्स काढू." आणि मी म्हणायचे, "काढू ना."

मग त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. वय छत्तीस. लग्न झालेलं नव्हतं. होळीला निदान झालं आणि चैत्र संपता संपता डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरी न्या, त्याला जे आवडतं ते करू द्या.

त्याला जे आवडत होतं ते मी भंगारात दिलं होतं.

एका सकाळी मी त्याचं अंग पुसत होते. तो एकदम म्हणाला, "ताई, मला खरंच येत होतं का गं?"

"काय?"

"चित्र. मला चित्र येत होतं का? मला आठवतच नाही नीट. एकदा बघायचंय. माझी एकही प्रिंट घरात नाही. सगळ्या वाटल्या, विकल्या. तू माळ्यावरच्या प्लेट्स काढ. मी मित्राला फोन करतो, तो कुठून तरी एक प्रिंट काढून आणेल."

"काढते," मी म्हटलं आणि फडकं पिळायला उठले. बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले. प्लेट आणता येत नव्हती. मग प्रिंट आणायची. पनवेलमध्ये कुणाकडे तरी असेलच. प्लेट्सचं नाव निघायच्या आत एक प्रिंट त्याच्या हातात द्यायची, एवढंच डोक्यात होतं.

मी लॅबमधून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन फिरायला लागले. पहिलं चित्र चौथ्याच दिवशी सापडलं. खारघरमध्ये एका दातांच्या दवाखान्यात, पेशंट बसतात तिथल्या भिंतीवर. चिखलात कललेली होडी, मागे मिठागरं, खाली सुहासची सही. मला रडूच आलं. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. मी कारण सांगितल्यावर त्यांनी स्वतः स्टुलावर चढून फ्रेम काढून दिली. ओढणीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन मी ती आणली.

सुहासनं फ्रेम छातीवर घेतली. बघितलं. आधी हसला आणि मग हसता हसता त्याला उमासा आला. आईनं धावत येऊन भांडं धरलं.

"हे कॅलेंडर आहे, ताई," थोड्या वेळानं तो म्हणाला. "तळोज्याच्या एका कंपनीनं एका वर्षी माझी सहा चित्रं घेऊन कॅलेंडर काढलं होतं. लोकांनी पानं कापून फ्रेम केली."

"पण सही आहे!"

"ती बॉलपेनची आहे. कुणी मागितली की द्यायचो." मग म्हणाला, "फ्रेम उघड. तुझं ते भिंग आण."

माझ्या पर्समधलं भिंग मी काढलं. त्यानं सांगितलं, "होडीची कड बघ. रेघ दिसते का?"

मी बघितलं. रेघ नव्हतीच. ओळीत मांडलेले बारीक ठिपके होते. काळोख तिथं मोठे, उजेड तिथं लहान. डोळा लांब नेला की त्यांची रेघ व्हायची, जवळ आणला की ती नाहीशी व्हायची. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी त्या पानाचा एक कोपरा कापून मायक्रोस्कोपखाली धरला. स्लाइडवर वाढणाऱ्या बुरशीसारखी ठिपक्यांची जाळी. इतकी नीट, इतकी निर्जीव. मी किती तरी वेळ बघत राहिले. बाजूच्या टेबलावर कुणाकुणाचं रक्त वाट बघत होतं.

नंतरच्या आठ दिवसांत मी आणखी पाच फ्रेमा आणल्या. होमिओपॅथकडून, झेरॉक्सच्या दुकानातून, एका सोसायटीच्या ऑफिसमधून, कुणाकुणाच्या घरातून. लोकांना मी आधी परत देईन म्हणायचे, मग विकत घेते म्हणायचे, मग नुसतेच हात जोडायचे. सुहास पलंगावर पडल्या पडल्या एकेक बाद करत गेला. कॅलेंडर. कॅलेंडर. "हे कॅलेंडरवरून कुणीतरी स्कॅन करून काढलंय. भिंगातून बघ, ठिपक्यांवर आणखी ठिपके, तुषार उडाल्यासारखे." एक निघाली त्यानं स्वतः स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेली लग्नपत्रिका, लाल कागदावर सोनेरी गणपती. त्यावर त्यानं बोट फिरवलं. "ही माझ्या हातची. बघ, शाई वर आलेली लागते. जाळीतून ढकललेली असते ना, कागदावर बसते, आत जात नाही. पण हे काम आहे, चित्र नव्हे."

तो शिकवत होता आणि मी शिकत होते, आणि दोघांनाही माहीत होतं की शिकायला वेळ नाही. श्वास पुरायचा तेवढंच बोलायचा. लाकडाचा ठसा असेल तर रंगाच्या कडेला शाई दाबून बाहेर आलेली दिसते, मधेच लाकडाच्या रेषा. दगडावरून काढलेली शिळाछाप प्रिंट खडूनं काढल्यासारखी रवाळ, तिला कडेला दाब नसतो. आणि एचिंग? "एचिंग समोरून बघायचंच नाही. खिडकीपाशी ने, कागद आडवा धर. उजेड बाजूनं येऊ दे. चित्राच्या चारी बाजूंनी पत्र्याची कड दाबलेली दिसेल, कागद आत बसलेला. बोटाला रेघ लागेल. खाली डाव्या बाजूला आकडा, उजवीकडे सही. पेन्सिलीनं. शाई उडते, पेन्सिल कागदात राहते." हे सांगून झालं की तो डोळे मिटून घ्यायचा आणि तसाच विचारायचा, "प्लेट्स काढल्यास?"

"माळ्यावर खूप सामान आहे रे. माणूस बोलवावा लागेल."

"मग बोलाव ना. मी रविवारी मित्राला यायला सांगितलंय."

तो गुरुवार होता. शुक्रवारी दुपारी लाइट गेली. पंखा थांबला. आई पेपरानं वारा घालत होती, तिला मी आत जाऊन पडायला सांगितलं. पेपर माझ्या हातात आला. मी वारा घालत राहिले आणि म्हणाले, "सुहास, प्लेट्स नाहीत. घर बदलताना मी त्या भंगारात दिल्या. मला कळलं नाही काय आहे ते. नंतर कळलं, पण सांगितलं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मी अनोळखी भाषेत काही बोलले असावे तसं. मग हळूहळू, पोटाला धरत, तो भिंतीकडे वळला. बनियनखाली पाठीचा एकेक मणका दिसत होता. मी पेपर हलवत राहिले. लाइट आली, पंखा सुरू झाला, तरी हलवत राहिले.

तो दिवस आणि पुढचा दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आईशी बोलायचा. पाणी आईच्या हातून. मित्राला त्यानंच फोन करून सांगितलं असावं, रविवारी कुणी आलं नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायचे. मला वाटायचं, हा असाच जाणार, भिंतीकडे तोंड करून, आणि ती पाठ मला जन्मभर दिसत राहणार. देवासमोर बसले तर काय मागायचं ते सुचेना. आयुष्य मागायची वेळ गेली होती. त्यानं एकदा "ताई" म्हणावं, एवढंच मागितलं.

रविवारी दुपारी त्यानं हाक मारली. "ताई, इकडे ये."

मी गेले.

"बरंच झालं दिल्यास ते," तो म्हणाला. "तसंही सगळ्या प्लेट्सच्या प्रिंट्स काढून संपल्या होत्या. वीसची एडिशन म्हणजे वीसच काढायच्या. काम पुरं झालं की प्लेटवर खिळ्यानं आडवी रेघ ओढतात, म्हणजे पुन्हा कुणी काढू नये. मी आळस केला. ते काम तू केलंस."

"होडीच्या पण? वीसच्या वीस?"

"वीसच्या वीस."

काय सांगू, त्या दिवशी मी पोटभर जेवले. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. माझा मरणारा भाऊ आत झोपलेला आणि मी आंब्याचा रस ओरपत होते. हे आठवलं की आजही माझी मला शिसारी येते, पण तसं झालं. आणि मला वाटलं, वीस आहेत म्हणजे एक तरी सापडेलच.

आता माझ्या घरात भिंतींवर अकरा प्रिंट्स आहेत. लाकडी ठशाच्या तीन, एक शिळाछाप, बाकी एचिंग. प्रदर्शनांतून, जुन्या बाजारातून, कुणाच्या मोडलेल्या घरातून घेतलेल्या. एकही सुहासची नाही. नव्यानं गोळा करू लागलेली तरुण मुलंमुली कधी कधी विचारायला येतात, "मॅडम, हे ओरिजिनल आहे का कसं ओळखायचं?" मी त्यांना भिंग देते, खिडकीपाशी नेते, कागद आडवा धरायला सांगते. ती म्हणतात, तुम्ही फार छान शिकवता. मी काहीच शिकवत नाही. एका आजारी माणसाचे शब्द, त्यानं जिथं जिथं दम घेतला तिथं तिथं थांबून, पुन्हा उच्चारते फक्त.

तर, इक्बालभाईंचं नाव मला खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पनवेलमध्ये त्यांचं फ्रेमचं दुकान. सुहासच्या सगळ्या फ्रेमा तेच करायचे. मी भिंग घेऊन गावभर फिरले आणि तिथं त्या रविवारनंतर, सोमवारी पोचले.

"सुहास कसा आहे?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते खाली बघत काच पुसत राहिले. मग म्हणाले, "कॅलेंडरवाल्या तर मी पन्नास बनवल्या असतील. पण असली... असली एक आठवते मला. एक कोळीण घेऊन आली होती. उरणच्या बाजूची. कागद जाड, दाबलेल्या कडेचा. मी म्हटलं, बाई, हा सुहासच्या हातचा आहे, याला नीट जपा. ती म्हणाली, माझ्या नवऱ्याची होडी आहे. हिराबाई नाव. मच्छीच्या बाजारात विचारा, कुणीही सांगेल."

बाजारात विचारलं. ती आता येत नाही, सून येते. सुनेनं गावाचं नाव सांगितलं. मी तिथूनच स्टँडवर गेले आणि उरणची एस्टी पकडली.

मे महिन्याचा शेवट होता. होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर ताडपत्र्या बांधायचं काम चाललं होतं. वलांडीवर बोंबील वाळत होते. हिराबाई साठीची, अंगानं सुकलेली, डोळे लख्ख. घर दोन खोल्यांचं. आणि दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच मला समोरच्या भिंतीवर ती दिसली. दाराचा उजेड बाजूनं पडत होता आणि चित्राच्या चारी बाजूंनी कागद खाली बसलेला होता. मला भिंग काढावं लागलं नाही.

मी सगळं सांगितलं. बोलताना शब्द एकमेकांवर पडत होते. ती ऐकत राहिली.

"तो पोर?" ती म्हणाली. "तो चार दीस हितं चिखलात बसला व्हता. आमी त्याला भाकर द्यायचो. तो जातोय? अगो देवा."

"फक्त एक दिवस द्या मला. त्याला दाखवते आणि परत आणते."

तिनं पदरानं फ्रेमवरची धूळ पुसली. "यांची होडी हाय ही. होडी मोडली, हे बी गेले. फोटो बी नाय दुसरा. आता ह्येच हाय बघ." क्षणभर तिनं फ्रेम धरूनच ठेवली. मग माझ्या हातात दिली. "ने. पन परत आन गो बाय."

"आणते."

एस्टीत बसायला जागा होती, तरी मी उभी राहिले. बसले असते तर फ्रेमला गुडघे लागले असते.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. सुहासला मी आणि आईनं उशांना टेकवून बसवलं. मी फ्रेमच्या मागचे खिळे काढले आणि नुसता कागद त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं डोळ्यांना चष्मा लावला. आधी तो चित्राकडे बघतच नव्हता, कागदाची कड अंगठ्यानं चाचपत होता. मग हळूहळू चित्रावर आला. चिखल, दोर, होडीचा कललेला काठ. त्याचं बोट चालत होतं आणि ओठ हलत होते.

खाली डावीकडे पेन्सिलीनं लिहिलं होतं ७/२०.

"विसातली सातवी," मी म्हटलं.

"हं."

आई दारात उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. मग तो म्हणाला, "आकाश घाण पुसलंय. घाई केली. इथं बघ, कापडाचा फराटा राहिलाय."

"मला तर काही दिसत नाही."

"दिसतो." त्यानं बोट खाली आणलं. होडीच्या बुडाशी, जिथं ओल संपते आणि चिखल सुकायला लागतो, तिथं. हाताच्या नखाएवढी जागा. शंभर रेघा असतील तिथं, एकमेकींत न मिसळलेल्या. "इथं मात्र येत होतं," तो म्हणाला. "ताई, इथं मला येत होतं."

"हो रे," मी म्हटलं.

त्यानं कागद परत माझ्याकडे दिला. "त्या बाईला नेऊन दे. बोटं लावू नकोस, घाम आहे हाताला."

पाचव्या दिवशी सुहास गेला. सकाळी आठला, आई चहा करत असताना. ज्येष्ठ लागला होता, आभाळ रोज भरून यायचं आणि तसंच परत जायचं.

तेराव्यानंतर मी फ्रेम घेऊन हिराबाईकडे गेले. एक दिवस म्हणून नेलेली, अठरा दिवस झाले होते. माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलंच. तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. मग स्टूल घेऊन स्वतःच फ्रेम भिंतीवर लावायला लागली. खिळा सापडेना तिला. मी खालून सांगत होते, थोडं वर, थोडं डावीकडे.

"मना तो बोलला व्हता," खिळा चाचपत, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "मावशे, ही सातवी, तुला. सातच निंगाल्यात, कागद संपला. इसातल्या तेरा काढायच्या हायत अजून. जवा काढीन तवा तुज्या पोरालाबी एक आनून देईन. पोरगा इचारतो मना कवा कवा."

खालून मी काहीच सांगत नव्हते, म्हणून ती थांबली. फ्रेम एका हातानं धरून तिनं मान वळवली.

"मंग काढल्या का गो त्यानं? बाकीच्या?"

बाहेर कुणीतरी होडीवर ताडपत्री ओढत होतं, तिचा खरखर आवाज येत होता. त्या दोन दिवसांत भिंतीकडे तोंड करून तो काय शोधत होता, ते मला तेव्हा कळलं. मला देण्यासारखं एक वाक्य शोधत होता. अंगात बळ नव्हतं, तरी ते त्यानं शोधून काढलं आणि मला हाक मारली.

हिराबाई वाट बघत होती.

"काढल्या," मी म्हटलं. "सगळ्या काढल्या, मावशी. वीसच्या वीस."

"बरा झाला," ती म्हणाली, आणि फ्रेम खिळ्याला लावून खाली उतरली.